बुकिंग कुठल्या नावानं?

10 नोव्हेंबर 2024 ला, रविवारी, माझ्या अम्मी-अब्बूंच्या निकाहला पन्नास वर्षं झाली. 1974 सालचा 10 नोव्हेंबरही रविवारच होता, हे अब्बूंनी कॅलेंडर न बघता सांगितलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं हजेरीपट लिहिलेल्या माणसाला वार आणि तारखा विसरता येत नाहीत.

या वेळी घरी काही करायचं नाही, असं आम्ही भावंडांनी ठरवलं होतं. घरी केलं की अम्मी चुलीपुढून हलत नाही. तिनं स्वतःच सांगून टाकलं होतं, "पचास साल में एक दिन तो मेरेकू भांडे नको घासने दो." म्हणून बाहेर जेवायचं. मी अमरावतीतच असल्यामुळे हॉटेल ठरवायचं काम माझ्याकडे आलं. चौदा माणसं, त्यात चार लहान मुलं. एक बरं हॉटेल शोधलं, फोन लावला. पलीकडचा मुलगा छान बोलत होता. किती माणसं, केक आणणार का, सजावट हवी का. मग त्यानं विचारलं, "बुकिंग कुठल्या नावानं करू, मॅडम?"

मी अब्बूंचं नाव सांगितलं.

"एक मिनिट होल्ड करा." मिनिटभरानं तो परत आला. "सॉरी मॅडम, त्या दिवशी हॉल फुल्ल आहे."

आता इथं मला प्रामाणिक राहायला हवं. हॉल खरंच भरलेला असेल. दिवाळी नुकतीच झाली होती, रविवार होता, साखरपुड्यांचे दिवस होते. त्या मुलाच्या मनात काहीही नसेल आणि मी त्याच्यावर अन्याय करत असेन. दुसऱ्या नावानं पुन्हा फोन करून खात्री करता आली असती. मी ती केली नाही. खात्री झाली असती तर तिचं पुढं काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. बाहेरच्या वाचकाला कदाचित हे कळणार नाही, पण ज्यांची नावं आमच्यासारखी आहेत त्यांना तो एक मिनिटाचा होल्ड नीट माहीत आहे. भाड्याचं घर शोधताना तो येतो, मुलाच्या शाळेच्या प्रवेशाला येतो. त्या मिनिटात काय घडलं हे कधीच कळत नाही. नाही कळत म्हणूनच ते डोक्यात फिरत राहतं.

दुसऱ्या हॉटेलला फोन लावताना मी नाव बदललं. माझ्या कॉलेजातली एक मैत्रीण समोरच बसली होती, तीच म्हणाली, "माझ्या नावानं टाक ना, काय फरक पडतो?" तिचं आडनाव चालून गेलं. हॉल मिळाला. केकसकट.

रात्री घरी हा किस्सा मी हसत हसत सांगितला. अशा गोष्टी आपण हसतच सांगतो. सगळे हसले. अब्बू हसले नाहीत. ताट बाजूला सारून म्हणाले, "निकाह मेरा, दावत मेरी, और नाम पराये का?" मग मराठीत आले. रागावले की ते मराठीत येतात, शाळेची सवय. "रद्द कर ते. माझ्या संसाराची पन्नास वर्षं मी दुसऱ्याच्या नावावर जेवणार नाही."

मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. मी काय चोरी केली होती? सोय पाहिली होती. पण रात्री पडल्यापडल्या मला डॉ. आंबेडकरांची बडोद्याची गोष्ट आठवली, आणि ती अब्बूंनीच मला शाळकरी वयात सांगितली होती. परदेशात शिकून आलेला, महाराजांच्या नोकरीवर रुजू व्हायला निघालेला तरुण. बडोद्यात कुणी राहायला जागा देईना. एका पारशी पथिकाश्रमात जागा होती, पण ती फक्त पारशांना. मग तिथल्या वहीत पारशी नाव लिहून त्यांनी काही दिवस काढले, आणि एके सकाळी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. माझ्या जेवणाच्या हॉलची आणि त्यांच्या यातनेची बरोबरी मी करत नाही, ती होऊच शकत नाही. पण वहीत दुसऱ्याचं नाव लिहावं लागणं म्हणजे काय, हे ज्या माणसानं भोगलं, तोच पुढे घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. घटनेच्या 15व्या कलमाचं दुसरं उपकलम कधी काढून वाचा. त्यात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा यांचा थेट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाही नागरिकाला तिथं अडवता येणार नाही. देशाच्या घटनेत हॉटेलांचं नाव घेऊन लिहावं लागलं, यावरूनच ओळखा की आपल्याकडे जेवणाच्या दारात काय काय होत आलंय.

सकाळी अब्बूंनी स्वतःच जागा सांगितली. "मोझरीले जाऊ."

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की नांदगावपेठचा टोलनाका ओलांडून तीस-पस्तीस किलोमीटरवर गुरुकुंज मोझरी. पूर्वीचा सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, आता तो 53 झाला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आश्रम इथं 1935 पासून आहे. वऱ्हाडात वाढलेल्याला त्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. इतर वाचकांसाठी एवढंच की यावलीच्या माणिक इंगळे नावाच्या मुलानं खंजिरी हातात घेऊन खेड्यापाड्यांतून भजनं केली, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग पाहिला, पुढे 'ग्रामगीता' लिहिली, आणि 11 ऑक्टोबर 1968 ला देह ठेवला. दर वर्षी अश्विन महिन्यात त्यांच्या पुण्यतिथीला लाखो लोक मोझरीत जमतात. दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी सगळा जमाव मौन उभा राहतो. लाखो माणसं गप्प झालेली मी पाहिली आहेत, दूरच्या एखाद्या गाडीचा हॉर्न तेवढा ऐकू येतो. मग सर्व धर्मांच्या प्रार्थना होतात, त्यांत आमचीही असते.

अब्बूंची निम्मी नोकरी तिवसा तालुक्यातल्या गावांत गेली. पुण्यतिथीला ते पोरांची रांग घेऊन जायचे आणि त्या रांगेत मीही असायचे. 1984 चं एक वर्ष मला स्पष्ट आठवतं, तेव्हा मी सात वर्षांची होते. पंगत बसली होती. जमिनीवर, मांडी घालून, ओळीच्या ओळी. माझ्या डाव्या हाताला शेतमजूर बाई, उजव्या हाताला आमच्या शाळेचा शिपाई, समोर कुठल्या तरी गावचे पाटील. वाढणारे पळत होते. वरण इतकं गरम की बोट घालवेना. मी घाबरून अब्बूंकडे पाहिलं, कारण घरात आजीनं बजावलं होतं की बाहेर कुणाकडे काही खाऊ नको. अब्बूंनी मानेनंच सांगितलं, खा. वाढणाऱ्यानं माझं नाव विचारलं नाही. "अजून घे ना पोरी," एवढंच म्हणाला.

तिथं नियम होता. मांस नाही, मद्य नाही. पण तो नियम ताटात होता. पंगतीत कुणी बसावं याचा नियम नव्हता. मला जे म्हणायचं आहे ते एवढ्यात येतं, पण त्याला आज इतक्या गोष्टी चिकटल्या आहेत की जरा सोडवून सांगावं लागेल.

वऱ्हाड ही काही शाकाहाऱ्यांची भूमी नाही. बहिरमच्या जत्रेत हंडीतलं मटण आणि रोडगे खायला माणसं लांबून येतात, त्यांत सगळ्या जातिधर्मांचे लोक असतात. आणि याच वऱ्हाडात गाडगेबाबांनी आपल्या मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं. घरच्या मंगल प्रसंगाला काय वाढायचं हा विचार आपल्याकडे फार आधी झालेला आहे. बाबांनी ताट बदललं. पाहुणा कोण, याची चाळणी त्यांनी लावली नाही. हयातभर ते खराट्यानं गावं झाडत आणि पंगती घालत फिरले, आणि पंगतीत बसणाऱ्याची जात विचारणाऱ्यांना त्यांनी कीर्तनात कसं सोलून काढलं, हे वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतं.

म्हणजे शाकाहार हा आमच्यासाठी अडथळा कधीच नव्हता. उलट सोय होती. मुसलमान घराला बाहेर जेवताना हलालचा प्रश्न असतो, तो शाकाहारी ताटात उद्भवतच नाही. एका बाजूला मटण न खाणारा, दुसऱ्या बाजूला हलाल नसलेलं मटण न खाणारा, दोघांनी मिळून वांग्याची भाजी खावी, यात कुणाचं काय जातं? गेल्या काही वर्षांत मात्र ताटाचा नियम हळूहळू माणसाचा नियम होत चाललाय. भाजी कशाची, यापेक्षा भाजी कुणाच्या हातची, हा प्रश्न मोठा झाला. 2024 च्याच जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या खाणावळींना मालकांची नावं पाटीवर लावायला सांगण्यात आलं. 22 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्याला अंतरिम स्थगिती दिली. न्यायालय म्हणालं ते साधं होतं: जेवण कोणत्या प्रकारचं आहे ते लावायला सांगता येईल, मालकाचं नाव लावायची सक्ती नको. कायद्याच्या भाषेत हेच, की विचारायचं तर ताटाबद्दल विचारा.

पण एवढं लिहून मी थांबले तर ती अर्धी गोष्ट होईल, कारण मोझरी म्हटल्यावर पहिली कुरबुर आमच्याच घरातून आली. घरच्या ग्रुपवर एक जावई लिहितात, "पन्नास वर्षांच्या दावतीला वरण-भात?" ठीक आहे, बिर्याणीचा हट्ट मी समजू शकते. पण एका नातेवाइकानं लिहिलं, "आपल्या माणसाचं हॉटेल का बघत नाही? पैसा आपल्यात राहील." आणि आणखी कुणी, "आश्रमाच्या गावात जाऊन जेवायचं, लोक काय म्हणतील?"

हलाल आहे का, असं विचारणं हा ताटाचा प्रश्न. तो विचारायचा मला पूर्ण हक्क आहे, जसा जैन माणसाला कांदा-लसूण आहे का हे विचारायचा हक्क आहे. पण मालक आपला आहे का, हा माणसाचा प्रश्न झाला. पाटीवर मालकाचं नाव लावा म्हणणाऱ्याच्या डोक्यात जे असतं, तेच यात असतं, फक्त टोक वेगळं. आपल्या मोहल्ल्यांतही अशी घरं आहेत जी दलित शेजाऱ्याच्या घरचं पाणी काहीतरी कारण काढून टाळतात. आपण त्याला शिवाशिव म्हणत नाही, 'एहतियात' म्हणतो. कुरआनात एका सूरहचं नावच 'माइदा' आहे, म्हणजे अन्न मांडलेलं दस्तरखान. त्याच सूरहत ग्रंथधारकांचं अन्न आपल्याला वैध असल्याचं आलं आहे. सूरह नूरमध्ये कुणाकुणाच्या घरी जेवायला हरकत नाही याची यादी आहे. आई-बापांपासून मावशीपर्यंत आणि शेवटी मित्रापर्यंत. एकत्र जेवा की वेगवेगळे, त्यात गुन्हा नाही, असा तिथला आशय आहे. हे सांगून मी कुणाला फतवा देत नाही, तो माझा अधिकार नाही. पण वेगळं बसायला धर्माचा आधार शोधणाऱ्यांनी हेही वाचावं.

याच सुमारास धाकट्या भावाशी बोलणं झालं. तो गेली अनेक वर्षं इंग्लंडमध्ये आहे, दावतीला येऊ शकत नव्हता. बुकिंगचा किस्सा ऐकून त्यानं स्वतःचा सांगितला. सप्टेंबरात त्याच्या लग्नाचा वाढदिवस होता. बायकोला घेऊन तो डर्बीशायरच्या डोंगराळ भागात एका खेड्यातल्या पबमध्ये जेवायला गेला. पब म्हटल्यावर अम्मीनं फोनवरच लाहौल म्हटलं. पण तिकडच्या खेड्यांत जुनं, चांगलं जेवण मिळतं ते बहुधा पबमध्येच, आणि त्याच्या जेवणाच्या खोलीत आजीपासून नातवापर्यंत सगळं घर येतं. बसकं छत, शेकोटी, खिडकीतून दगडी कुंपणं आणि मेंढ्या. रविवारचं भाजलेलं मांस, बटाटे, ग्रेव्ही आणि यॉर्कशायर पुडिंग हा तिथला थाट. त्याला मांस चालत नव्हतं, म्हणून मासा मागितला. वाढणारी मुलगी म्हणाली, माशाच्या आवरणात बिअर असते. मग भाज्यांचं मागितलं. ती आत जाऊन विचारून आली की ग्रेव्ही मांसाच्या पाण्यातली आहे, तुम्हाला वेगळी करून देतो, आणि पुडिंग गाईच्या चरबीत केलेलं आहे, ते घेऊ नका. तिच्याकडे एक जाड फाइल होती. ब्रिटनमध्ये चौदा पदार्थ असे ठरवलेले आहेत की ते अन्नात असले तर गिऱ्हाइकाला सांगावेच लागतात. शेंगदाणे, दूध, अंडी, गहू, तीळ, असे. कुणाला कशाची बाधा होईल म्हणून. "त्यांनी मला दहा प्रश्न विचारले, बाजी," तो म्हणाला, "पण सगळे माझ्या ताटाचे." टेबलावर एका पाटीवर खडूनं त्याचं नाव लिहून शुभेच्छा दिलेल्या. स्पेलिंग चुकलेलं. त्याचा फोटो त्यानं पाठवला होता.

तिथंही सगळं गोड नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साउथपोर्टच्या घटनेनंतर मशिदींवर आणि परक्यांवर जमाव धावून गेले, तेव्हा आठवडाभर माझी वहिनी भाजी आणायलाही बाहेर पडली नव्हती. आणि नाव झाकायची युक्ती त्या देशातल्या आपल्या लोकांनाही जुनीच माहीत आहे. तिथली 'इंडियन' म्हणवणारी हजारो हॉटेलं चालवणारे बरेचसे मालक मूळचे सिल्हेटचे बांगलादेशी मुसलमान. पाटीवर मात्र ताजमहाल नाहीतर महाराजा. त्यांच्या आधी, 1810 साली, पाटण्याच्या शेख दीन मुहम्मदनं लंडनमध्ये 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं. ते दोन-अडीच वर्षांत बुडालं. पण गडी स्वतःच्या नावानंच राहिला, पुस्तकही त्याच नावानं लिहून गेला. भावाच्या त्या चुकलेल्या स्पेलिंगचा फोटो मी अब्बूंना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला. "गलत लिखा," म्हणाले, "पर लिखा."

तर रविवारी दोन गाड्या करून आम्ही निघालो. विधानसभेचा प्रचार टिपेला होता, मतदान दहा दिवसांवर. टोलनाक्यापर्यंत तीन पक्षांच्या भोंग्यांनी आम्हाला गाठलं. एका गाडीवरची घोषणा अशी होती की मुलांनी तिचा अर्थ विचारला आणि आम्ही खिडकीतून संत्र्याचा बगीचा दाखवला. पुढे कपाशीची बोंडं फुटून शेतं पांढरी झालेली. आश्रमापाशी आम्ही आधी उतरलो. अब्बू समाधीपुढे दोन मिनिटं उभे राहिले, जसे ते कुणाही ओळखीच्या बुजुर्गाच्या कबरीपुढे उभे राहतात. अम्मी बाहेर पायरीवर बसली, तिचे गुडघे दुखत होते.

जेवायची जागा रस्त्याला लागूनच होती. मालक अब्बूंचा चौथीचा विद्यार्थी, आता त्याचेच केस पिकलेले. आदल्या दिवशी अब्बूंनी फोन केला तेव्हा तो म्हणाला होता, "तुम्ही कायले फोन करता, गुरुजी? सरळ या ना. रोडगे लावून ठेवतो." आणि खरोखर मागच्या अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजत होते. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी: जाडसर कणकेचे मोठे गोळे, आत थर दिलेले, बाहेरून करपेपर्यंत भाजायचे, मग राख झटकून फोडायचे आणि आत तूप सोडायचं. सोबत वांग्याची भाजी, तुरीचं वरण, ठेचा, कढी. बिर्याणीवाले जावई सगळ्यात जास्त जेवले, याची नोंद व्हावी.

छपरावरच्या पाटीवर फक्त 'शाकाहारी भोजन' एवढंच होतं. त्या रस्त्यावरच्या बहुतेक पाट्यांवर 'शुद्ध शाकाहारी' असतं, म्हणून मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "पेंटरनं अक्षरामागे पैसे सांगतले. मी म्हटलं, 'शुद्ध' राहू दे बाप्पा. भाजी बरी हाये का नाही, थे गिऱ्हाईक खाऊनच सांगते."

तो गमतीत बोलला की विचार करून, मला माहीत नाही. पण त्या एका शब्दावर माझा खरंच आक्षेप आहे. शाकाहारी म्हणजे काय ते कळतं. त्यापुढे शुद्ध लावलं की कुठेतरी कुणीतरी अशुद्ध ठरतो, आणि तो पदार्थच असतो असं नाही. तुपाला शुद्ध म्हणा, त्यात भेसळ होऊ शकते. वांग्याच्या भाजीत कशाची भेसळ होणार? खाणाऱ्याचीच ना? हॉटेल चालवणारे म्हणतील, ताई, एवढा विचार कोण करतं, शब्द रुळलाय. रुळलाय हे खरं, आणि अनेक भले लोक तो सहज वापरतात. तरीही पेंटरचे तेवढे पैसे वाचवावेत असं मी सुचवीन.

जेवता जेवता अम्मीनं एक जुनी गोष्ट काढली. माझ्या लग्नात, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे, हिंदू पाहुण्यांसाठी वेगळा स्वयंपाक होता. वेगळा आचारी, वेगळी भांडी, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला वेगळी पंगत. वऱ्हाडातल्या मुसलमानांच्या लग्नात हे सर्रास असतं आणि ते पाहुण्याच्या आदरापोटीच असतं. त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण त्या दिवशी वरबाप दस्तरखानावर वधूबापाची वाट पाहत बसले आणि अब्बू सापडेनात. शोधलं तर ते दुसऱ्या टोकाला, शाळेतल्या मास्तरांच्या पंगतीत, जिलबी-मठ्ठा घेऊन बसलेले. सासरची मंडळी नाराज झाली, अम्मी तर अजूनही आहे. "मेरे समधी भूके बैठे और ये उधर जलेबी खारे!" अब्बूंचं म्हणणं, जेवण वेगळं ठेवलं तर ठेवलं, पण पाहुण्याला एकटं जेवायला लावायचं का? घरातला एक तरी माणूस त्या पंगतीला हवा. बिर्याणी काय, रात्रीही उरते.

त्या दिवशी ती उरली नव्हती, हे अम्मीनं मोझरीत पुन्हा सांगितलं.

निघताना पैशांवरून ओढाताण झाली. मालक घेईना. "गुरुजींकडून कोणी पैसे घेते काय?" अब्बू ऐकेनात. तेव्हा त्यानं गल्ल्यावरची वही ओढली, निदान हिशेबात तरी धरतो म्हणाला, आणि लिहिलं, 'गुरुजी, 14 ताटं.'

अब्बूंनी ते वाचलं आणि वहीवर बोट ठेवलं. "गुरुजी या तालुक्यात शंभर असतील. नाव लिही."

"तुमचं नाव मले माहीत नाही काय, गुरुजी?"

"माहीत आहे ना? मग लिही. आणि वडलांचंही लिही. ऱ्हस्व-दीर्घ बघून."

साठीचा तो माणूस चौथीतल्या मुलासारखा खाली वाकला आणि त्यानं पूर्ण नाव लिहिलं. एका ठिकाणी वेलांटी चुकली, ती अब्बूंनी त्याच्याच पेनानं दुरुस्त केली. मग पैसे मोजून ठेवले. मागून अम्मीचा आवाज आला की उरलेले रोडगे बांधून द्या, सकाळी चहासोबत होतील.